लॅमिनारची यूव्ही ट्यूब झकास निळी पेटते पण मीटर २ दाखवतंय. ट्यूब गेली की मीटर?

रानधिंगरी | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. धायरीला गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघं नवराबायको धिंगरी अळंबीचं स्पॉन म्हणजे बियाणं करतो. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात ट्रेनिंग घेतलं आणि तेव्हापासून चार वर्षं हेच काम आहे. गेले दोन महिने गव्हाच्या पिशव्यांत हिरवी बुरशी फार यायला लागलीये. आधी चाळीस पिशव्यांत एखाद-दुसरी जायची, आता आठ-नऊ जातात. कुकरचं प्रेशर, वेळ, गव्हाचा ओलावा, कापसाचे बोळे, सगळं दोनदोनदा तपासून झालं.

उरली लॅमिनारमधली, म्हणजे पंख्याने गाळलेली हवा सोडणाऱ्या काम करायच्या पेटीतली, यूव्ही ट्यूब. लॅमिनार सेकंडहँड आहे, एक लॅब बंद झाली तिथून घेतलं होतं. दोन फुटी आहे, आत १५ वॅटची ट्यूब. कामाआधी २० मिनिटं लावून ठेवतो, मग बंद करून हात घालतो. ट्यूब किती जुनी ते देवालाच ठाऊक. भाऊजी चाकणला फोर्जिंगच्या कंपनीत आहेत, त्यांच्याकडून हातात धरायचं यूव्ही मीटर आणलं. लॅमिनारच्या ओट्यावर ठेवून शटर बंद करून बाहेरून बघितलं तर आकडा २. मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. फक्त दोन! ट्यूब मात्र मस्त निळी पेटलेली.

आता ट्यूब गेली म्हणायची का मीटर बिघडलंय? नवीन ट्यूबला पैसे घालायच्या आधी विचारावं म्हटलं.

सोल्डरगन | रात्री ९:३०

निळ्या रंगावर जाऊ नका ताई. तो निळा उजेड पाऱ्याच्या वाफेच्या दिसणाऱ्या रेषांचा, ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरच्या आसपासचा. जंतू मारते ती २५४ वाली रेषा आणि ती डोळ्याला दिसतच नाही. ट्यूबची काच म्हातारी झाली की २५४ बाहेर पडणं कमी कमी होत जातं आणि निळं तसंच दिसत राहतं. त्यामुळे "पेटते म्हणजे चालते" हे या ट्यूबला लागू नाही.

पेठीपुणेकर | रात्री ९:४१

मीटर कशाला हवं? डबीवर लिहिलेलं असतं, ९००० तास. वहीत तास लिहा, भरले की बदला. विषय संपला.

रानधिंगरी | रात्री ९:४८

@पेठीपुणेकर अहो पण सेकंडहँड आहे म्हटलं ना, आधीच्या लॅबने किती वापरली कोण सांगणार. आमचे तास तर चार वर्षांत हजारही भरत नाहीत.

चाकणलाईन | रात्री १०:०५

ताई, भाऊजी नक्की एमपीआयला असणार, म्हणजे क्रॅक टेस्टिंगला. मी पण त्याच लाईनचा, तेरा वर्षं झाली. तुमचं मीटर अगदी ठणठणीत असेल, पण ते तुमच्या ट्यूबसाठी नाहीच.

आमच्याकडे क्रँकशाफ्टला मॅग्नेटाइज करून चमकणाऱ्या पावडरचं तेल ओततात आणि अंधाऱ्या केबिनमध्ये ब्लॅक लाईट मारून बघतात. केसाएवढा क्रॅक असला तरी हिरवी-पिवळी रेघ उठते. तो लाईट ३६५ नॅनोमीटरचा, यूव्ही-ए. तो पुरेसा आहे का हे बघायला मीटर: दिव्यापासून ३८ सेंटिमीटरवर कमीत कमी १००० मायक्रोवॅट पाहिजे आणि केबिनमधला साधा उजेड २० लक्सच्या आत. मीटरच्या सेन्सरवर जो फिल्टर असतो तो ३६५ च्या आजूबाजूचंच आत सोडतो. तुमची २५४ ची यूव्ही-सी त्याच्या दारातच अडते. जे २ आलेत ते बहुतेक तुमच्याच ट्यूबमधली पाऱ्याची ३६५ ची बारीकशी रेघ असेल.

ट्यूब चांगली का वाईट, या आकड्यावरून काहीच ठरत नाही. आणि हो, मीटर सोमवारी सकाळी परत जाऊ द्या, शिफ्ट सुरू होताना त्यानेच दिवे तपासतात 🙂

कात्रजघाट | रात्री १०:११

म्हणजे ताप मोजायला वजनकाटा आणलाय.

चाकणलाईन | रात्री १०:१४

@कात्रजघाट काटा एकदम पक्का आहे पण. दर सहा महिन्याला कॅलिब्रेशनला जातो.

निवृत्तमास्तर | रात्री १०:५०

चाकणलाईन यांचं निदान बरोबर वाटतं, पण ताईंनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, स्वतः पडताळता येईल. घरात फोटोफ्रेमची साधी काच असेल. ती सेन्सरवर ठेवा आणि पुन्हा आकडा बघा. साधी काच २५४ जवळजवळ पूर्ण अडवते आणि ३६५ बऱ्यापैकी जाऊ देते. काच ठेवूनही २ चे २ राहिले तर मीटर २५४ बघतच नाहीये हे सिद्ध.

मी पदार्थविज्ञान शिकवायचो, या विषयाचं मला फार प्रेम. १८०१ साली रिटर नावाच्या जर्मन माणसाने सिल्व्हर क्लोराइड वर्णपटात ठेवून बघितलं, तर जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे ते सगळ्यात भरभर काळं पडलं. अतिनील किरण सापडले ते असे. न दिसणारी गोष्ट कशावर तरी उमटवून बघायची. तुमच्या हातातलं मीटर तेच काम करतंय, फक्त कशाचं उमटतंय ते आधी माहीत पाहिजे.

रानधिंगरी | रात्री ११:२०

काका, आत्ताच केलं! लग्नाच्या फोटोची फ्रेम सोडवली. काच ठेवली तरी २. काच काढली तरी २. म्हणजे मीटरला २५४ दिसतच नाही. चाकणलाईन दादा, शंभर टक्के बरोबर.

ट्यूबचं कोडं मात्र तिथेच.

सोल्डरगन | रात्री ११:३४

यूव्ही-सी वालं वेगळं मीटर घ्यावं लागेल, डबीवर २५४ स्पष्ट लिहिलेलं. "यूव्ही मीटर" म्हणून जी सर्रास मिळतात त्यातली बरीच २९० ते ३९० वाली असतात, ती उन्हाला आणि ब्लॅक लाईटला ठीक. मोबाईलच्या ॲपवर तर मुळीच जाऊ नका, फोनच्या कॅमेऱ्यापुढे काचच असते, २५४ आत शिरणार कुठून.

बुधवारातला | रविवार, सकाळी ८:०२

ट्यूब घेतानाही डोळे उघडे ठेवा. मी तपकीर गल्लीत नुसतं "यूव्ही ट्यूब द्या" म्हणालो आणि दुकानदाराने ब्लॅक लाईट दिली, गडद जांभळ्या काचेची. चूक त्याची नाही, त्याच्याकडे यूव्ही ट्यूब मागणारे निम्मे लोक डीजेवाले. जंतूवाल्या ट्यूबची काच पारदर्शक असते, आतली तार सरळ दिसते. दुधी पांढरी असेल तर ती माशा मारायच्या मशीनची.

पेठीपुणेकर | सकाळी ८:२०

माशांवरून आठवलं, आमच्या कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचं मशीन मी लहान असल्यापासून बघतोय, माशा पेढ्यावर आणि मशीन भिंतीवर. ती ट्यूब पण अशीच म्हातारी होत असेल?

सोल्डरगन | सकाळी ८:३१

होते ना. तिच्यातला यूव्ही-ए कमी होत जातो, आपल्याला उजेड तेवढाच दिसतो, माशीला बरोबर कळतं. म्हणून ती वर्षाला बदलायला सांगतात. चाकणवाल्यांचं मीटर तिथे मात्र कामाचं 🙂

सईचीआई | सकाळी ९:४५

विषय थोडा वेगळा आहे पण लिहावंसं वाटलं. माझ्या मुलीला अंगावर पांढरे डाग आहेत, व्हिटिलिगो. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने नॅरोबँड यूव्ही-बी चालू आहे, ३११ नॅनोमीटरच्या ट्यूब असतात. पहिलं वर्ष एका ठिकाणी जायचो, नाव लिहीत नाही. तिथे एकदा सगळ्या ट्यूब नवीन बसवल्या आणि वेळ जुनीच ठेवली. संध्याकाळपर्यंत पोरीची पाठ टोमॅटोसारखी लाल. दोन रात्री ती पालथी झोपली. मी तिच्या पाठीवर ओला पंचा ठेवून बसले होते आणि मला कळत नव्हतं की तीच मशीन, तीच वेळ, मग झालं काय.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. द्यायचा असतो डोस, मिनिटं नाही. ट्यूब ४ मिलीवॅट देत असेल आणि ४०० मिलीज्यूल द्यायचे असतील तर १०० सेकंद. ट्यूब जुनी होऊन ३ वर आली तर त्याच डोसला १३३ सेकंद. जुन्या ट्यूबवर वेळ वाढवत नेलेली असते, मग नवीन ट्यूब आली की तीच वेळ भाजते. आता जिथे जातो तिथे सिस्टर मीटरने मोजतात आणि रजिस्टरला लिहितात. मी दर वेळी आकडा विचारते, त्यांना कंटाळा आला तरी विचारते.

@पेठीपुणेकर तुम्ही वर विचारलंत मीटर कशाला. यासाठी.

पेठीपुणेकर | सकाळी १०:१०

सईची आई, वाचून वाईट वाटलं. मी मनापासून शब्द मागे घेतो. लेकीला आशीर्वाद.

वैद्यकन्या | सकाळी १०:३८

सईच्या आईने फार मोलाचं लिहिलंय. एक भर घालते, फोटोथेरपीच्या मशीनचं मोजमाप त्या ट्यूबसाठी कॅलिब्रेट केलेल्या मीटरनेच व्हायला हवं. घरी साधं मीटर आणून दवाखान्याच्या आकड्याशी ताडू नका आणि त्यावरून वेळ तर अजिबात बदलू नका. ते डॉक्टरांनाच करू द्या.

हडपसरी | सकाळी ११:१५

मोजमाप राहू दे बाजूला, डोळे सांभाळा आधी. कॉलेजच्या लॅबमध्ये मी ट्यूब बंद करायला विसरलो आणि तसाच बसून पंधरा-वीस मिनिटं जंतू वाढवायच्या प्लेटा ओतल्या. तेव्हा काही झालं नाही. रात्री दोनला जाग आली तर डोळ्यात मूठभर वाळू टाकल्यासारखं, उघडवेनात, पाणी थांबेना. वेल्डिंगवाल्यांना आर्क लागते ना, तेच. दोन दिवसांनी बरं झालं पण ती रात्र विसरलो नाही.

निवृत्तमास्तर | सकाळी ११:४०

हडपसरी यांच्या अनुभवाला आकडा जोडतो. २५४ साठी आठ तासांत ६ मिलीज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर ही वर्षानुवर्षं वापरात असलेली मर्यादा. समोर १०० मायक्रोवॅट असतील तर ती एका मिनिटात संपते. म्हणून मोजताना सेन्सर आत, माणूस बाहेर. लॅमिनारचं ॲक्रिलिकचं शटर २५४ अडवतं, ते बंद ठेवा. वायरवाला सेन्सर असलेलं मीटर असेल तर फारच सोयीचं.

ताई, माझ्याकडे २५४ चं मीटर आहे. निवृत्तीनंतर एका ओळखीच्या प्रयोगशाळेचे दिवे तपासून देतो, त्यासाठी घेतलं. कोथरूडला या, घेऊन जा. मोजायची रीत तेवढी सांगतो. ट्यूब आधी ओल्या स्पिरिटच्या फडक्याने पुसू नका, पहिलं माप आहे तशाच ट्यूबचं घ्या. लावल्यावर पाच मिनिटं थांबा, थंड ट्यूब पूर्ण देत नाही. सेन्सर ओट्याच्या बरोबर मधे, तोंड सरळ ट्यूबकडे. साठ अंशात कलला तर आकडा निम्मा होतो. जागेवर पेन्सिलने खूण करा म्हणजे पुढच्या महिन्यात तिथेच ठेवता येईल. ब्लोअर बंद आणि चालू, दोन्ही मापं घ्या. आणि काचेची परीक्षा याही मीटरला द्या, काच ठेवल्यावर शून्य यायला हवं. नाही आलं तर मीटर निळा उजेडही मोजतंय.

टिळकरोड | दुपारी १२:०५

मधेच विचारतो, घरच्या वॉटर प्युरिफायरमधली यूव्ही अशी मोजता येईल का? माणूस दर वर्षी येतो आणि ट्यूब बदलायलाच पाहिजे म्हणतो, मला वाटतं गंडवतोय.

सोल्डरगन | दुपारी १२:२०

@टिळकरोड ती ट्यूब स्टीलच्या नळकांड्यात बंद असते, हातातलं मीटर आत जात नाही, आणि चालू ट्यूब उघडून तर अजिबात बघू नका. त्याचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही. वर्षाचे तास मोजा, ८७६०. सतत पेटत राहणारी ट्यूब असेल तर ९००० तास वर्षातच भरतात. नळ चालू असतानाच पेटणारी असेल तर हिशोब वेगळा, ते माहितीपत्रकात बघून मग त्याच्याशी भांडा.

टिळकरोड | दुपारी १२:२६

भांडायला मुद्दा मिळाला, आभार.

चाकणलाईन | दुपारी १:३०

आमच्याकडच्या दोन गोष्टी सांगतो, तुम्हालाही लागतील. एक, दिव्याच्या काचेवर तेलाचा हात लागला की माप पडतं, मग लोक दिव्याला शिव्या घालतात. सेन्सरचंही तेच, बोटाचा ठसा म्हणजे पडदा. दोन, मीटरवर आकडा आला म्हणून तो खराच असं नाही, तो कुठल्या दिव्यासाठी लावून दिलाय ते सर्टिफिकेटवर बघायचं. आमच्यात एकाने ३९५ ची स्वस्त एलईडी टॉर्च आणली, मीटरवर आकडा भारी आला, पण जांभळा उजेडच इतका की क्रॅकची रेघ त्यात बुडून गेली. मीटर पास, तपासणी नापास. आणि इन्स्पेक्टरला उन्हात काळा होणारा चष्मा चालत नाही, ब्लॅक लाईटखाली तो काळा पडतो आणि माणसाला क्रॅक दिसत नाही. नव्या पोरांना हे सांगावंच लागतं, कारण तो शाफ्ट पुढे कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसतो.

रानधिंगरी | पुढचा रविवार, रात्री ८:४०

मंडळी, आठवडाभर गायब होते, आकडे घेऊनच आले. गुरुवारी काकांकडून मीटर आणलं (आमच्याकडे लाईट नव्हती, म्हटलं तेवढ्यात कोथरूडला जाऊन येऊ). काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

काचेची परीक्षा आधी. काच ठेवली, शून्य. काढली, आकडा आला. मीटर पास.

जुनी ट्यूब, आहे तशी: लावल्या लावल्या ३८, पाच मिनिटांनी ५२ वर स्थिर. ब्लोअर लावल्यावर ४६. वारा लागून ट्यूब थंड होते म्हणून, काका म्हणाले. मग ट्यूब बंद करून, गार झाल्यावर स्पिरिटने पुसली. फडकं पिवळट काळं निघालं, लाजच वाटली. पुन्हा माप, ७१. नुसत्या पुसण्याने १९ वाढले!

मग नवीन ट्यूब. बुधवारातला दादांचं ऐकून दुकानात "पारदर्शक काचेची, २५४" असं सांगून घेतली. त्याच खुणेवर १२८.

आता काकांनी करून दिलेला हिशोब. आम्ही २० मिनिटं लावायचो, म्हणजे १२०० सेकंद. ५२ ने झाले ६२ मिलीज्यूल. ई. कोलायसारखे जंतू ९० टक्के मारायला ३ मिलीज्यूल लागतात, त्यांच्यासाठी हे भरपूर. पण काळ्या बुरशीच्या, ॲस्परजिलस नायजरच्या बीजाणूंना त्याच कामाला १३२ लागतात! आमची हिरवी बुरशी वेगळी, पण बीजाणू एकूणच चिवट हे कळलं. नवीन ट्यूबने त्याच २० मिनिटांत १५४ होतात. जुनीच, न पुसता ठेवली असती तर १३२ ला ४२ मिनिटं लागली असती.

या आठवड्यात चाळीस पिशव्या केल्या. अजून दहा दिवस बघायला लागतील, आत्ताच काही बोलत नाही.

सोल्डरगन | रात्री ८:५५

लई भारी ताई! असे आकडे कुणी लिहीत नाही. लॅमिनारच्या ओट्यावर निदान ४० पाहिजे असं बऱ्याच लॅब धरतात, म्हणजे तुमची जुनी ट्यूब त्या नियमाने "पास" होती. फक्त जंतू आणि बुरशी यात फरक आहे हे नियमात लिहिलेलं नसतं.

हडपसरी | रात्री ९:०३

एक शंका, ओट्यावर बाटल्या, चिमटे, स्पिरिटचा दिवा ठेवून यूव्ही लावता का? सावलीत काहीच मरत नाही हो. बाटलीच्या मागे १२८ चे शून्य.

रानधिंगरी | रात्री ९:१०

@हडपसरी अगं बाई! ठेवतो की सगळं. आणि ट्रेसुद्धा मागे उभा असतो. थांबा.

रानधिंगरी | रात्री ९:४२

सेन्सर ट्रेच्या मागे ठेवून आले. ३. एवढंच. उद्यापासून ओटा मोकळा करून यूव्ही लावणार, सामान नंतर स्पिरिटने पुसून आत. चार वर्षं आम्ही ट्रेच्या मागची बुरशी सांभाळत होतो!

निवृत्तमास्तर | रात्री १०:०१

सावली मोजायचं मलाही सुचलं नव्हतं. छान केलंत. मीटर अजून महिनाभर ठेवा, दर रविवारी त्याच खुणेवर माप घ्या आणि इथे लिहा.

रानधिंगरी | बारा दिवसांनी, शुक्रवार, सकाळी ७:१५

चाळीसपैकी तीन गेल्या. त्यातल्या दोन पिशव्यांचा बोळा ओला होता, तो दोष आमचा. माप १२७.

सईची आई, पाठ कशी आहे आता लेकीची?

सईचीआई | सकाळी ७:५०

ती पाठ केव्हाच बरी झाली. आता कोपरावर रंग यायला लागलाय, मसुराएवढे ठिपके. ती आरशात रोज मोजते. तुमच्या अळंबीची पहिली टोपली आमची.

कात्रजघाट | सकाळी ८:०५

ताई, माझ्या बहिणीचं टिश्यू कल्चरचं काम आहे, केळीची रोपं. तिची ट्यूब पण जुनीच. मास्तरांची परवानगी असेल तर रविवारी मीटर मिळेल का? मी स्वतः येऊन नेतो.

निवृत्तमास्तर | सकाळी ८:२०

परवानगी आहे.

रानधिंगरी | सकाळी ८:३१

या, दहानंतर. फोटोफ्रेमची काच तुमची तुम्ही आणा, आमची परत फोटोला बसवलीये. आणि सेन्सरला बोट लावायचं नाही.